आवाज मोठा, दम छोटा

सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर उघडा केला की बाइक 'उडते' म्हणे! साडेसहा हजार रुपये घालून आम्ही हा प्रयोग केला. बाइक काही उडाली नाही. बिल्डिंगमधल्या झोपा मात्र उडाल्या.

शनिवार सकाळ, सव्वाआठ. सुट्टीच्या दिवशी ही काही माणसाची उठायची वेळ नव्हे. पण मोबाइल वाजला आणि डोळे चोळत बघितलं, तर मित्राने फोटो पाठवलेला. फोटोत एक चकाचक सायलेन्सर. मॅट ब्लॅक, टोकाला तोफेसारखं तोंड. खाली लिहिलं होतं, "कसाय? अकरा हजार, सोबत एअर फिल्टर. पिकअप डबल होतो म्हणे. आज बसवून टाकू?"

हा मित्र हिंजवडीत आयटीत आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याने साडेतीनशे सीसीची कोरी करकरीत बाइक घेतली. तेव्हापासून तो आठवड्याला तिच्यावर काहीतरी चढवतो. आधी मोबाइल होल्डर, मग क्रॅश गार्ड, मग फॉग लॅम्प. सायलेन्सरचा नंबर कधीतरी लागणारच होता.

पण 'पिकअप डबल' हे शब्द वाचले आणि माझी झोप साफ उडाली. कारण हेच दोन शब्द मी आधी एकदा ऐकले होते. नाना पेठेत. आणि विश्वासही ठेवला होता.

ताई, गाडी उडेल!

गोष्ट २०१९ ची. मास कॉमची डिग्री नुकतीच हातात पडली होती आणि फ्रीलान्सिंगचा पहिला बरा चेक जमा झाला होता. माझ्याकडे दीडशे सीसीची, कार्बोरेटरवाली, सेकंडहॅण्ड बाइक होती. ती २०१६ चं मॉडेल. "भावाची गाडी का?" हा प्रश्न मला पेट्रोल पंपापासून पार्किंगपर्यंत सगळीकडे विचारला जायचा. त्यामुळे असेल, पण गाडी आली की लोकांना कळलं पाहिजे, अशी एक खुमखुमी मनात होती. खोटं कशाला बोला?

नाना पेठ म्हणजे पुण्यातल्या दुचाकीवाल्यांचं तीर्थक्षेत्र. नटबोल्टपासून अख्ख्या टाकीपर्यंत सगळं मिळतं. सायलेन्सरची तर नावंच ऐका! पंजाब, इंदोरी, शॉर्ट बॉटल, मेगाफोन. एका दुकानात सायलेन्सर आणि शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर असा 'कॉम्बो' मिळाला. बसवायच्या मजुरीसकट साडेसहा हजार. दुकानदार म्हणाला, "कंपनीवाले गाडीचा गळा दाबून ठेवतात ताई. आपण तो मोकळा करायचा. मग बघा, गाडी उडेल!"

अर्ध्या तासात मूळ सायलेन्सर आणि फिल्टरचा काळा डबा गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात आला. मी स्टार्टर दाबला. धाड्! समोरच्या टपरीवरचे चारजण एकदम वळले. काय सांगू, त्या क्षणी मला अख्खं नाना पेठ माझ्या बापाचं वाटलं.

बाइक खाते काय? हवा!

आता थोडं सायन्स. घाबरू नका, दहावीच्या पुढे जाणार नाही.

आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. खरं तर ती हवेवर चालते, पेट्रोल म्हणजे तोंडी लावणं. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. इंजिन हवा आत घेतं, दाबतं, पेटवतं आणि धूर बाहेर फेकतं. आठ हजार आरपीएमला इंजिनचा हा श्वास सेकंदाला साधारण ६६ वेळा चालतो. त्यामुळे आत यायची आणि बाहेर जायची वाट जितकी मोकळी, तितका श्वास मोठा आणि ताकद जास्त. म्हणजे इथपर्यंत दुकानदाराचं काही चुकत नव्हतं.

घोळ पुढे आहे. हवा वाढली की पेट्रोलही त्याच मापात वाढायला हवं. वजनात मोजलं तर एक भाग पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडं वरचढ लागतं, म्हणजे साडेबारा-तेरा भाग हवेला एक भाग. कार्बोरेटरमध्ये हे माप ठरवतो तो जेट. पितळेचा एक इवलासा तुकडा आणि त्याला केसाएवढं भोक. कंपनीने ते भोक कंपनीच्याच फिल्टर आणि सायलेन्सरचा हिशोब करून पाडलेलं असतं. तुम्ही हवा वाढवली आणि जेट तोच ठेवला, तर इंजिनच्या ताटात भात डोंगराएवढा आणि वरण चमचाभर!

अशा वेळी गाडी अडखळते. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात. (ते फटाके म्हणजे रेसिंगची खूण, असं मी महिनाभर अभिमानाने सांगत होते.) आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंजिन तापतं.

शिवाय तो फिल्टरचा काळा डबा. तो फक्त धूळ अडवत नाही. बाहेरची त्यातल्या त्यात गार हवा तो शांतपणे साठवून कार्बोरेटरला देतो. उघडा फिल्टर बसतो गरम इंजिनच्या शेजारी आणि तापलेली हवाच आत ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते. म्हणजे एका हाताने मोकळं केलं आणि दुसऱ्या हाताने परत दाबलं.

खंबाटकीत धाप

मे महिन्यात एका स्टोरीसाठी साताऱ्याला निघाले. दुपारची वेळ, रस्ता तापलेला. शिरवळपर्यंत मस्त गेले. टोलच्या अलीकडे दोन कारवाल्यांनी काच खाली करून बघितलं, तेव्हा जाम भारी वाटलं होतं.

खंबाटकी घाट सुरू झाला आणि गाडीचा सूर बदलला. तिसऱ्या गिअरमध्ये आवाज विमानाचा, चाल बैलगाडीची. इंजिनमधून बारीक टिकटिक ऐकू यायला लागली. पुढे उसाचा ट्रक असावा तसा एक लोड भरलेला ट्रक रांगत होता. मी त्याच्या उजव्या बाजूने निघाले, मागे एसटी. ट्रकच्या मधोमध आल्यावर थ्रॉटल पूर्ण पिळला आणि… काहीच नाही. गाडीने एक उसासा टाकला आणि तिथल्या तिथे राहिली. डाव्या हाताला ट्रकची चाकं, मागे एसटीचा हॉर्न. दोन सेकंद असतील फार तर. गिअर खाली टाकला, गाडीने झटका दिला, कशीबशी पुढे निघाले.

वर पोचून बाजूला थांबले तेव्हा हात थरथरत होते. आवाज अख्ख्या घाटाला ऐकू जात होता. पण जेव्हा खरंच पिकअप हवा होता, तेव्हा तो नव्हता.

चाचांचं निदान

पुण्यात परतल्यावर थेट आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये गेले. चाचांचे केस मेकॅनिकगिरीत पांढरे झालेले आहेत. त्यांनी एक शब्द न बोलता स्पार्क प्लग काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"बघ बेटा. रंग कसला आहे?"

"पांढरा."

"चहासारखा पाहिजे. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर पेट्रोल कमी. हा भाजलाय. अजून महिना अशीच पळवली असतीस तर पिस्टनला भोक पडलं असतं."

मग त्यांनी नवा फिल्टर काढून बोट आतून फिरवलं. बोटावर धूळ. हीच धूळ सिलिंडरमध्ये जाऊन पॉलिश पेपरसारखी घासते, हे त्यांनी सांगायची गरजच नव्हती.

मी पत्रकार पडले, पुरावा पाहिजेच. ओळखीच्या एका ट्यूनरकडे डायनो होता. म्हणजे मागचं चाक रोलरवर चढवून ताकद मोजायचं मशीन. आधी 'उडणारी' गाडी चढवली. दुसऱ्या दिवशी जुना सायलेन्सर आणि डबा परत बसवून पुन्हा चढवली. निकाल? मॉडिफाय केलेली गाडी जवळपास अर्धा हॉर्सपॉवर कमी देत होती. आणि चार हजार आरपीएमच्या आसपास, म्हणजे जिथे आपण रोज सिग्नलवरून निघतो, तिथे ग्राफमध्ये खड्डा. पुण्याच्या रस्त्यासारखा!

त्या ट्यूनरने समजावलं ते असं. सायलेन्सर म्हणजे नुसती मोकळी नळी नव्हे. धुराचा प्रत्येक धक्का नळीतून बाहेर जातो आणि टोकाला आपटून त्याचीच एक खेचणारी लाट उलटी येते. इंजिनची दोन्ही दारं, म्हणजे व्हॉल्व्ह, क्षणभर एकत्र उघडी असतात. ती लाट नेमकी त्या क्षणी पोचली तर उरलासुरला धूर बाहेर ओढते आणि ताजी हवा आत खेचते. चुकीच्या क्षणी पोचली तर सगळं उलट. नळीची लांबी आणि जाडी यावर ही वेळ ठरते. कंपनीने ती शहरातल्या वेगासाठी जुळवलेली. मी ती दिसायला भारी आहे म्हणून बदलली.

"मग मॉडिफिकेशन थोतांड आहे का?" मी विचारलं. "अजिबात नाही," तो म्हणाला. "सायलेन्सर, फिल्टर आणि जेट तिघांची मोट बांधून, डायनोवर तासन् तास घालवले तर तुझ्या गाडीत एखाद-दीड हॉर्सपॉवर वाढेल. ते ट्रॅकवर कळतं. कर्वे रोडवर नाही."

मग आरएक्सवाल्यांचं काय?

इथे यामाहा आरएक्स १०० वाले काका हमखास हात वर करतात. "आमच्या काळी नुसता सायलेन्सर बदलला की गाडी पुढचं चाक उचलायची!" काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ती गाडी टू-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर म्हणजे अर्धं इंजिनच. कारण तिथे एक्झॉस्टचं दार बंद करायला व्हॉल्व्ह नसतो. बाहेर निसटणारं ताजं मिश्रण आत परत ढकलायचं काम एक्झॉस्टमधून उलटी येणारी लाटच करते.

हा फंडा पन्नासच्या दशकात ज्याने खऱ्या अर्थाने कामाला लावला, तो पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा इंजिनियर वॉल्टर काडेन. त्याने पोटफुग्या आकाराचा एक्झॉस्ट मोजूनमापून घडवला आणि छोट्याशा इंजिनमधून अफाट ताकद काढली. १९६१ मध्ये त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या रेसनंतर पश्चिमेकडे पळाला, ते ज्ञान डोक्यात घेऊन सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली. एका सायलेन्सरसाठी चक्क कोल्ड वॉर स्टाइल हेरगिरी! पण लक्षात घ्या, काडेनची करामत मापात होती, आवाजात नाही. जाळी काढून टाकलेल्या सायलेन्सरमध्ये माप नसतं. फक्त बोंब असते.

कायदा टेकडीवर बसलाय

आता थोडं कटू. वेताळ टेकडीवर आपण सकाळी फिरायला जातो ना, जिला अर्धं पुणं 'एआरएआय टेकडी' म्हणतं? ते एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशातल्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देते. त्यात आवाजाचीही टेस्ट असते. गाडी जोरात पळवत नेतात आणि साडेसात मीटरवर माइक ठेवून मोजतात. ८० ते १७५ सीसीच्या नव्या मोटरसायकलला मर्यादा ७७ डेसिबल, त्यावरच्या गाड्यांना ८०. डेसिबलची गंमत अशी, की दहाने आकडा वाढला तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा आहे फक्त ४५.

मी नाना पेठेत मिरवत होते त्याच वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, सुप्रीम कोर्टाने मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला होता. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि आवाज-प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९० खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स गोठणं, अशी तरतूद आली. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच.

हे सगळं मी मित्राला फोनवर ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "अगं, पण माझी कुठे कार्बोरेटरवाली आहे? माझी बीएस-सिक्स. कॉम्प्युटर सगळं जुळवून घेतो."

नाही घेत, राजा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सिक्स गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, हे खरं. एका लयीत गाडी चालवताना कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल थोडंफार कमी-जास्त करतो. पण थ्रॉटल पूर्ण पिळला की तो कंपनीने भरून दिलेल्या तक्त्यावरच चालतो. त्या तक्त्यात तुझा अकरा हजारांचा सायलेन्सर नाही. तक्ता बदलायचा तर रीमॅपिंगचा खर्च वेगळा. शिवाय धुरातला विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच एक्झॉस्टमध्ये असतो. तो काढलास तर धूर आपल्याच शहराच्या नाकात. आणि वॉरंटीचं कार्ड शोकेसमध्ये लावून ठेव.

मग करायचं काय?

गाडी मरगळल्यासारखी वाटतेय? खिशाला हात घालायच्या आधी एवढं बघा.

• एअर फिल्टर साफ किंवा नवा आहे का? तुंबलेला फिल्टर हाच खरा 'दाबलेला गळा'. बदलायचाच असेल तर मूळ डब्यात बसणारा चांगल्या प्रतीचा फिल्टर घ्या. डबा फेकू नका.
• स्पार्क प्लगचा रंग बघा. चहासारखा तपकिरी म्हणजे सगळं आलबेल.
• व्हॉल्व्ह क्लिअरन्स शेवटचा कधी तपासला होता? आठवत नसेल तर उत्तर मिळालं.
• चेन सैल किंवा कोरडी नाही ना? टायरमध्ये हवा बरोबर आहे ना? निम्मा पिकअप इथेच अडकलेला असतो.
• आणि खरंच वेगाची भूक असेल तर चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर एक ट्रेनिंग कोर्स करा. गाडीपेक्षा रायडर ट्यून करणं केव्हाही स्वस्त!

फोन ठेवण्याआधी मित्राने विचारलं, "पण तू सायलेन्सर परत का बदललास? खरं सांग. डायनोमुळे की घाटामुळे?"

खरं सांगायचं तर दोन्हीमुळे नाही. डायनोवरून उतरवल्यावर मी तो जुना सायलेन्सर पुन्हा काढणारच होते. जेट मोठा टाकून अजून एक चान्स द्यायचा, असं ठरवलं होतं. गाडी चांगली चालली असती तर दंडाची रिस्कही घेतली असती. त्या वयात कोण घाबरतं?

पण त्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांच्या सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. मी तेव्हा एका पेपरची रात्रपाळी करत होते, घरी यायला साडेबारा-एक व्हायचा. काकू ओरडल्या वगैरे नाहीत. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. त्या एवढंच म्हणाल्या, "तू आलीस की कळतं गं. गोळीने त्यांचा नुकताच डोळा लागलेला असतो. त्या दचकून उठतात, मग आम्ही दोघी पहाटेपर्यंत जाग्याच."

लोकांना कळलं पाहिजे, अशी माझी इच्छा होती ना? कळत होतं. महिनाभर, रोज रात्री.

नवा सायलेन्सर माळ्यावर गेला, तो अजून तिथेच आहे. मित्राने त्याचा बेत 'सध्या तरी' कॅन्सल केलाय. आणि बाइक? अजून तीच. चहाच्या रंगाचा प्लग आणि ऑइल वेळच्या वेळी.

सायलेन्सर बदलल्यावर पंधराएक दिवसांनी काकू गेटपाशी भेटल्या होत्या. काळजीने म्हणाल्या, "काय गं, नोकरी सोडलीस का? हल्ली रात्री तू येतेस कधी ते कळतच नाही."

माझ्या गाडीला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी कॉम्प्लिमेंट!